‘साहित्य आणि दृश्यकला’ पेपर : गॅलरीची भेट चुकली तर काय? आणि बाबांनी रंगवलेली पाटी निबंधाला चालेल का?

कळवा_खारेगाव

सगळ्यांना नमस्कार. थोडं मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. कॉलेज सकाळचं, ७.१० ते १२. दुपारी १ ते रात्री ९ स्टेशनजवळच्या एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात कामाला असते. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचा घ्यावा लागतो, म्हणून यंदा मी ‘साहित्य आणि दृश्यकला’ घेतला. दोन क्रेडिट, ५० गुण, ३० तास. वर्गातल्या बहुतेकींनी पर्यटनाचा पेपर घेतला. मी हा घेतला कारण माझे बाबा पेंटर आहेत. घरं रंगवणारे नाहीत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे.

पहिल्याच तासाला मॅडमनी चार पानी पत्रक दिलं आणि नियम वाचल्याची सही घेतली. हजेरी ७५ टक्के, म्हणजे ३० पैकी २३ तास. दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर अर्धी हजेरी. एक ‘बघण्याची वही’ ठेवायची, कोऱ्या पानांची, हातानेच लिहायची. त्यात दहा नोंदी. प्रत्येक नोंदीआधी त्या चित्रासमोर किंवा शिल्पासमोर २० मिनिटं मोबाइल बाहेर न काढता उभं राहायचं, फोटो काढायचा तर त्यानंतर. शेवटी १२०० शब्दांचा निबंध. त्यात एक दृश्यकृती आणि एक साहित्यकृती एकमेकींसमोर ठेवायची. दृश्यकृती प्रत्यक्ष पाहिलेली हवी, स्क्रीनवरची चालणार नाही, आणि किमान दोनदा पाहिलेली हवी. निबंधाला कच्ची पानं जोडायची. उशीर झाला तर दिवसाला दोन गुण कमी, तीन दिवसांनंतर घेणारच नाहीत. दुसऱ्याचं उतरवलेलं किंवा एआयकडून लिहून घेतलेलं सापडलं तर शून्य.

यातलं बरंचसं मला पटलंय. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. पुढच्या महिन्यात एका गुरुवारी सगळ्या वर्गाला फोर्टला जायचंय, जहांगीर आर्ट गॅलरी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ११ ते ४. ही भेट चार तासांची हजेरी धरली जाते. ऑगस्टमध्ये आई आजारी होती तेव्हा माझे पाच तास आधीच गेलेत. एकूण सातच बुडवता येतात. भेट चुकली तर पाच आणि चार नऊ होतात, म्हणजे मी हजेरीतच नापास. आणि मालकांनी स्पष्ट सांगितलंय की दिवाळीआधी सुट्टी मिळणार नाही, घेतली तर परत येऊ नकोस. आई अजून कामावर जात नाही, त्यामुळे मला तो पगार सोडता येत नाही.

दुसरा प्रश्न निबंधाचा. मला बाबांच्या एका पाटीवर लिहायचंय. खारेगावात एका किराणा दुकानावर त्यांनी २००९ साली रंगवलेली पाटी अजून आहे. पिवळी जमीन, लाल अक्षरं, उजव्या अंगाला काळी सावली. वर दुकानाचं नाव, खाली ‘किराणा भुसार मालाचे व्यापारी’. आता त्यांच्याकडे काम जवळजवळ नाही. सगळीकडे फ्लेक्स आला. २०२२ साली सगळ्या दुकानांवर मराठीत पाटी सक्तीची झाली तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता. बाबांनी ब्रश काढून टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले होते. पण लोकांनी एलईडीचे बोर्ड लावले.

मैत्रीण म्हणाली, पाटी म्हणजे कला नाही, मॅडम नापास करतील. पत्रकात ‘दृश्यकृती’ एवढाच शब्द आहे. विचारायचं धाडस होत नाही. आणि कच्ची पानं जोडायची म्हणजे खाडाखोडीसकट द्यायची का? माझं मराठी लिहिताना फार चुकतं, ती पानं दुसऱ्याला दाखवायची लाज वाटते.

कुणी हा पेपर घेतला असेल किंवा शिकवला असेल तर कृपया सांगा.

वागळे_इस्टेट

सेमिस्टर सुरू होऊन फार दिवस झाले नसतील तर ऑफिसात जाऊन पेपर बदलून घे. माझ्या बहिणीने मागच्या वर्षी बदलला होता, एक अर्ज आणि दोन सह्या. काम करून शिकणाऱ्याने ज्यात बाहेर जायचं आहे असा पेपर घेऊच नये. तुझं चांगलं व्हावं म्हणूनच सांगतोय.

कळवा_खारेगाव

दादा, धन्यवाद. पण बदलायचा नाहीये. आतापर्यंत हा एकच पेपर असा आहे ज्याबद्दल मी घरी जेवताना बोलते.

नेरूळ_मराठी

तुझं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मराठी शिकवते, सतरा वर्षं झाली. अशाच प्रकारचा पेपर गेली काही वर्षं घेतेय, आणि तू लिहिलेले नियम थोड्याफार फरकाने माझ्याही पत्रकात आहेत. तुझ्या मॅडमच्या वतीने मी बोलू शकत नाही, पण हे नियम कुठून येतात ते सांगू शकते.

आधी भेटीचं, कारण ते तातडीचं आहे. उद्याच मॅडमना लेखी अर्ज दे. तोंडी सांगू नकोस, आणि गुरुवार उलटून गेल्यावर तर नकोच. अर्जात ‘सूट द्या’ असं लिहू नकोस. लिही की मी नोकरी करते, या दिवशी येऊ शकत नाही, त्याऐवजी अमुक रविवारी स्वतः जाईन, दोन नोंदी जास्त करीन, तिथे गेल्याचा पुरावा आणीन, ते चार तास धरावेत. आईच्या आजारपणाचे कागद असतील तर पाच तासांसाठी तेही जोड. रविवारी दुकानाला सुट्टी असेल तर तो दिवस तुला सोयीचा आहे. जहांगीर रविवारी उघडी असते, ११ ते ७, आणि तिकीट नाही. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, रविवारी नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. सोबत न्यायला म्हणून मॅडमनी गुरुवार निवडला असेल. त्या दिवशी अडचण असलेली तू एकटी नसशील, पण आधी सांगणारी बहुधा एकटीच असशील. शिक्षक म्हणून मला सगळ्यात वाईट वाटतं ते निकालानंतर रडत येणाऱ्या मुलींचं. त्यांनी दोन आठवडे आधी चार ओळी लिहून दिल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं.

फोर्टला जमलंच नाही तर अंबरनाथचं शिवमंदिर सुचव. कळव्याहून लोकलने थेट जाता येतं. वालधुनी नदीच्या काठी, काळ्या दगडाचं, शके ९८२ म्हणजे १०६० सालचं, शिलाहार राजांच्या काळातलं. मी मुलांना तिथे नेते. बाहेरच्या भिंतीवर शिल्पांच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि गाभारा जमिनीच्या खाली, सुमारे वीस पायऱ्या उतरून. डोळे अंधाराला सरावेपर्यंत आत काहीच दिसत नाही. थांबल्याशिवाय दिसत नाही ही गोष्ट मुलांना तिथे पायाने कळते. तिथल्या शिल्पांवरून काही पालकांचे मला फोन आले आहेत. मी सांगते की बघायला सगळ्यांनी यायचं, पण कशावर लिहायचं ते ज्याने त्याने ठरवायचं.

आता २० मिनिटांचं. मुलं या नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर करतात आणि नेमका हाच नियम मी सोडत नाही. वर्गात मी प्रोजेक्टरवर ब्रूगेल या जुन्या युरोपीय चित्रकाराचं इकारसचं चित्र दाखवते. मूळ चित्र ब्रसेल्सला आहे, तिथे काही आपण जाऊ शकत नाही, म्हणून तेवढं स्क्रीनवर. पंख वितळून समुद्रात पडलेल्या मुलाचं चित्र आहे असं आधीच सांगते. पाच मिनिटं कुणालाही मुलगा सापडत नाही. समोर नांगर धरलेला शेतकरी आहे, लाल बाह्यांचा. मेंढपाळ आहे, जहाज आहे. मग कुणीतरी ओरडतं, मॅडम, पाय! उजव्या कोपऱ्यात, जहाजाच्या खाली, पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय. ऑडेन या इंग्रजी कवीने १९३८ साली या चित्रावर कविता लिहिली ती याच गोष्टीवर, की एवढं मोठं दुःख घडत असताना बाकीचं जग आपापल्या कामात असतं. कविता आधी वाचून चित्र पाहिलं तर पाय लगेच सापडतात. पण मग शोधताना आपणही नांगरणाऱ्यासारखेच होतो हा अनुभव हातचा जातो. म्हणून आधी बघणं, मग वाचणं.

साहित्य आणि चित्र एका पेपरात का, असं कॉमर्सची मुलं मला दर वर्षी विचारतात. मी त्यांना कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा सहावा अंक सांगते. दुष्यंताने शकुंतलेचं चित्र काढलंय. चित्रात तिच्या चेहऱ्याभोवती भुंगा आहे, आणि राजा त्या भुंग्याला दटावायला लागतो. विदूषक म्हणतो, अहो, हे चित्र आहे. राजा म्हणतो, आठवण करून देऊन तू माझ्या प्रियेचं पुन्हा चित्र करून टाकलंस. माझ्या मते त्याहून मोलाची जागा त्याच्या आधीची आहे. चित्र अपुरं आहे आणि राजा सांगतो की अजून काय काढायचं राहिलंय. मालिनी नदी, तिच्या वाळूत हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याशी बसलेली हरणं, फांद्यांवर वल्कलं वाळत घातलेलं झाड, आणि त्या झाडाखाली काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजवणारी हरिणी. यातलं काहीच चित्रात नाही, तरी आपल्याला दिसतं. रंगाला जे अजून जमलेलं नाही ते शब्दाने करून दाखवलं, आणि तेही चित्राच्या निमित्ताने. ‘विष्णुधर्मोत्तर’ पुराणात राजा वज्र मूर्ती घडवणं शिकायला येतो तेव्हा मार्कंडेय त्याला सांगतात की आधी चित्र यायला हवं, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गाणं. आणि गाणं म्हटलं की भाषा आलीच. आपल्याकडे या गोष्टी वेगवेगळ्या कपाटांत फार उशिरा गेल्या.

आता पाटी. बाळा, तुझा विषय फार चांगला आहे. मॅडमना भेट आणि पाटीचा मोबाइलवरचा फोटो दाखवू नकोस, वहीतली नोंद दाखव. म्हणजे पाटीसमोर २० मिनिटं आधीच उभी राहून ये. विषय नाकारणं सोपं असतं, पण बघून लिहिलेलं पान समोर असताना नाकारणं अवघड जातं. ‘कला म्हणजे काय’ यावर वाद घालत बसू नकोस. आपल्याकडे अरुण कोलटकर मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकले, जाहिरातीच्या क्षेत्रात त्यांनी अक्षरं आणि चित्रं मांडण्याचं काम केलं, आणि कविता लिहिली. प्रभाकर बरवे चित्रकार, पण त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहिलं, १९९० साली. तुमच्या वाचनयादीत नसेल तर वाच. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी कर, १८९३ पासूनचं ग्रंथालय आहे.

एक धोका सांगते. पाटीला जोडीला साहित्यकृती कुठली घ्यायची असा विचार केलास की तुला पहिल्यांदा तुकारामांचा शब्दांच्या रत्नांचा अभंग आठवेल. सगळ्यांना तोच आठवतो. लगेच घेऊ नकोस. चित्राला जे म्हणायचं आहे तेच म्हणणारी कविता शेजारी ठेवली की निबंधाला काही काम उरत नाही. जिचं पाटीशी कुठेतरी पटत नाही अशी रचना शोध. तुकाराम शब्द वाटतात, बाबांनी शब्द विकून घर चालवलं. हा फरक तुला सहन होत असेल आणि त्यावर थांबून लिहिता येत असेल, तरच तो अभंग घे.

आणि कच्च्या पानांची लाज अजिबात बाळगू नकोस. खाडाखोड असलेलं पानच आम्हाला हवं असतं. ‘रंगसंगती मनोवेधक आहे’, ‘कलाकाराने भावना प्रभावीपणे मांडल्या आहेत’ अशी वाक्यं कुठल्याही चित्राबद्दल लिहिता येतात, आणि मशीनने लिहिलेला निबंध अशाच वाक्यांचा असतो. ‘काळी सावली उजव्या अंगाला’ हे तू वर सहज लिहिलंस. ते पाटीसमोर उभं राहिलेल्या माणसालाच लिहिता येतं. शुद्धलेखन मी तुला दोन दिवसांत सुधारून देईन, इथे टाक.

ऐरोली_ठाणे_लोकल

मॅडमनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त व्यवहाराचं सांगतो. मी हा पेपर दोन वर्षांपूर्वी केला, तेव्हा रात्रपाळी करत होतो. मलाही गुरुवार जमला नव्हता, अर्जावर रविवार मिळाला होता.

कळव्याला फास्ट थांबत नाही, त्यामुळे ठाण्याला येऊन सीएसएमटी फास्ट पकड. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या रात्री बघ, माझा पहिला रविवार त्यातच गेला. स्टेशनहून चालत गेलीस तर वीसेक मिनिटं. पेनऐवजी पेन्सिल ने, मला एका ठिकाणी पेन आत नेऊ दिलं नव्हतं. वही बॅगेत न ठेवता हातात ठेव, बॅग बाहेर ठेवायला लावतात. आणि पोट भरून जा. भुकेल्या पोटी विसाव्या मिनिटापर्यंत उभं राहवत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

नोंद करताना मी घड्याळ लावायचो. पहिली सात-आठ मिनिटं चित्रात जे आहे त्याची यादी होते. मग कंटाळा येतो. तो कंटाळा उलटून गेल्यावर जे दिसतं तेच लिही. माझ्या दहापैकी चार नोंदी त्या कंटाळ्याआधीच्या होत्या आणि मॅडमनी नेमक्या त्याच चार परत दिल्या. कशा ओळखल्या ते अजून कळलेलं नाही.

गुण कापण्याचा नियम गंभीरपणे घे. माझे चार गेले. आता कुठलंही काम असलं तरी मी एक दिवस आधी देतो.

कळवा_खारेगाव

उशिरा उत्तर देतेय, माफ करा. दुकानात पत्रिकांचं काम चालू होतं.

अर्ज दिला. मॅडमनी वाचला आणि विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? मग त्यावरच रविवारची तारीख लिहून सही केली. आईचे कागद ऑफिसात द्यायला सांगितले. अंबरनाथही चालेल म्हणाल्या, पण जहांगीर बघायची राहू देऊ नकोस म्हणाल्या, म्हणून दोन्हीकडे जाणार आहे.

पाटीबद्दल नेरूळच्या मॅडमनी सांगितलं तसंच केलं. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर कामाला जायच्या आधी दुकानासमोर उभी राहिले. दुकानदार काकांनी विचारलं काय हवंय, म्हटलं काही नाही, पाटी बघतेय. त्यांनी स्टूल दिलं, पण मी उभीच राहिले.

पहिली दहा मिनिटं खरंच काही नवीन दिसलं नाही. ती पाटी मी लहानपणापासून बघतेय. मग ‘भुसार’मधला भ दिसला. बाकी सगळ्या अक्षरांवरून शिरोरेघ सलग जाते आणि भ वर ती तुटते. भ ला गाठ असते, तिथे रेघ सोडायची असते हे मला शाळेत शिकवलं होतं, पण बाबांनी तिथे ब्रश किती हलका उचललाय ते पहिल्यांदा दिसलं. रेघेचं टोक बोथट नाही, निमुळतं आहे. ‘किराणा’मधला ण कधीतरी परत रंगवलाय, त्याच्या पोटात जुना, थोडा गडद लाल दिसतो. आणि मग ‘मालाचे’च्या वर शिरोरेघेत एक जागा दिसली जिथे रेघ केसभर जाड आहे. दोन रेघा एकमेकींवर आल्यासारखी. पुढे ‘व्यापारी’पर्यंत परत सारखी.

रात्री बाबांना विचारलं. त्यांना पाटी समोर नसताना कळलं मी कुठली जागा म्हणतेय. म्हणाले, तिथपर्यंत हात पोचला, मग शिडी सरकवावी लागली. उतरलो, शिडी हलवली, परत चढलो, तोवर आधीची रेघ वाळायला लागली होती. त्यांनी माझ्या वहीत पेन्सिलने शिडीच्या दोन जागा काढून दाखवल्या. दोरीला खडू लावून रेघ कशी मारतात तेही. मग विचारलं, कॉलेजात हे शिकवतात? म्हटलं, हो, यावर गुण आहेत. ते बराच वेळ वही हातात धरून बसले.

ती नोंद मॅडमना दाखवली. त्यांनी विषय मंजूर केलाय. त्यांच्या दोन अटी आहेत. बाबा काय म्हणाले ते वेगळ्या परिच्छेदात आणि मला काय दिसलं ते वेगळ्या परिच्छेदात लिहायचं, मिसळायचं नाही. आणि दुसरी भेट संध्याकाळी, दिवे लागल्यावर करायची. शेजारच्या मोबाइलच्या दुकानाचा एलईडी बोर्ड लागला की पाटीवर निळा उजेड पडतो.

अभंगाचं अजून ठरलेलं नाही. नेरूळच्या मॅडम, पहिलं कच्चं पान उद्या रात्री इथे टाकते. शुद्धलेखनाच्या चुका खूप आहेत.

नेरूळ_मराठी

टाक. आणि शिडीच्या दोन जागांचं बाबांनी काढलेलं चित्र फाडून वेगळं लावू नकोस, वहीतच राहू दे. नोंदीच्या पानावर तारीख घातली आहेस ना?

कळवा_खारेगाव

तारीख आणि वेळ दोन्ही घातलीय. १२.१५ ते १२.३५.